चाळीस मुलांचं चित्र

“...मग सर, चौकट की वर्तुळ?”

सुधन्वाने दोन मोठे कागद ओसरीवर पसरले. उद्याच्या बैठकीत एकच चित्र दाखवायचं होतं. ते पटलं, की नवं औषध तालुक्यातल्या सगळ्या आजारी मुलांना सुरू होणार होतं.

प्रभुदेसाई सरांनी जन्मभर पेशी आणि जनुकं शिकवली होती. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी बोलणं निम्म्यावर आणलं होतं. सुधन्वा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे खुद्द त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

त्याने घाईघाईने सगळं समजावलं. चाळीस मुलांना औषध दिलं. आधी रक्त तपासलं, पंधरा दिवसांनी पुन्हा. आजाराने खवळलेली जनुकं लाल, निवलेली निळी. चौकटीत दर मुलाची एक ओळ, डावीकडे आधीचं रक्त, उजवीकडे नंतरचं. वर्तुळात तीच माहिती फाकाफाकांनी. चौकट वाचायला सोपी, वर्तुळ डोळ्यांत भरणारं. दोन्हींत लालाचं निळं झालेलं आंधळ्यालाही दिसावं.

सर वाकले. चौकटीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरू लागले. फार सावकाश. म्हातारपण, दुसरं काय, असं सुधन्वाच्या मनात आलं.

बोट तळाशी थांबलं.

“छत्तीस.”

“चौघांची माहिती अर्धवट होती, सर. दुसरा नमुनाच नाही. अर्धी रिकामी ओळ संगणक घेत नाही. ती वगळायची, अशी रीतच आहे.”

“नमुना का नाही?”

सुधन्वाला उत्तर माहीत होतं. चित्र काढताना ते आठवायची वेळ आली नव्हती, इतकंच. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

“तोवर ती मुलं... राहिली नव्हती.”

“औषधानं?”

“आजारानंही असेल. माहीत नाही.”

सरांचं बोट अजून तळाशीच होतं. त्याकडे पाहणं सुधन्वाला सोसेना.

“पण सर, मी मांडणीबद्दल विचारलं होतं.”

सरांनी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. छत्तिसाव्या ओळीखाली आणखी चार ओळी आखल्या. डावीकडची घरं रेघोट्यांनी भरली. उजवीकडची कोरी ठेवली. मग कागद त्याच्याकडे सरकवला.

“वर्तुळातही काढ. ज्यात ही कोरी घरं जास्त खुपतील, ते उद्या ने.”