पोवळ्याची नवी जागा

समुद्र नुकताच काचेच्या पेटीत बसून माणसांच्या दिवाणखान्यात राहायला आला होता, तेव्हाची गोष्ट. दिगंबरपंतांच्या नव्या पेटीत एक पोवळं आलं. पंत इतके हरखले की रोज हात घालून त्याला नव्या खडकावर बसवू लागले. पोवळं मिटलेलंच राहिलं, त्याचा रंग उतरू लागला.

"उमलत का नाहीस रे? मरशील अशाने," गोगलगायमावशी म्हणाली.

"उमलायला लागलं की हात येतो, मावशी."

मग पंत आठ दिवस भाचीच्या लग्नाला गेले. पोवळ्याने भीतभीत एक पाकळी उघडली, मग दुसरी, आणि आठव्या दिवशी ते आनंदाने नखशिखांत फुललं.

पंत परतले आणि बघून नाचायचेच बाकी राहिले. "वा! आता याला पुढे ठेवू, पाहुण्यांना दिसेल असं."

पोवळं घाईघाईने म्हणालं, "मावशी, यांना आणखी भाच्या किती?"