सल्ल्यांचा पार आणि धाकटीचा डोळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजाच्या राज्याभिषेकाचे बारावे वर्ष चालू होते, महिना चैत्र होता आणि वसंत ऋतू ऐन भरात होता. इतक्या नेमकेपणाने सांगण्याचे कारण असे की, पुढे जे घडले ते आपल्या गावात घडलेच नाही, असे म्हणायला एका नदीकाठच्या गावातली पुष्कळ माणसे तयार होती.

नदीकाठच्या त्या गावात एक रीत होती. दर पौर्णिमेला, उन्हे कलल्यावर, वडीलधारी माणसे देवळापुढच्या पारावर जमत आणि एकमेकांना सल्ले देत. भिंतीला ओल आली तर काय करावे, दोडक्याचा वेल फळ धरीत नसेल तर त्याला काय घालावे, गुडघा धरला तर कशाने शेकावे, सून उलट बोलली तर किती वेळा ऐकून घ्यावे, हे सगळे तिथे मिळे. अट एकच होती. सल्ला घ्यायचा असेल तर बदल्यात एक सल्ला द्यायचा. रिकाम्या हाताने पारावर यायचे नाही.

ऐकायला ही रीत गोड वाटते. पण मुलांनो, आणि मोठ्यांनो, जरा विचार करा. माणसाला अडचण दर महिन्याला येते. अनुभव काही दर महिन्याला येत नाही. मग ज्यांच्यापाशी स्वतःचे सांगण्यासारखे काही नसे, ते मागच्या पौर्णिमेला ऐकलेलेच पुढे करीत. पुढे करताना त्यातले किचकट तेवढे गाळीत, कारण किचकट सल्ला कोणी घेत नसे.

या गावात दोन वृद्ध जावा एका घरात राहत. दोघींचे यजमान वारलेले, मुले दूरच्या मुलखात चाकरीला. थोरली बोलायला तुटक आणि वागायला काटेकोर होती. स्वतः तीन पावसाळे पाहिल्याखेरीज ती कोणाला खताविषयीसुद्धा एक शब्द सांगत नसे. “थोरल्या काकूंचा सल्ला अजून मुरतोय,” असे म्हणून पारावर लोक हसत. धाकटी मऊ स्वभावाची होती. कोणी काही सुचवले की तिला त्यांचे मन मोडवत नसे.

त्या चैत्री पौर्णिमेला धाकटीच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली होती. थोरली परगावी बारशाला गेली होती, म्हणून धाकटी एकटीच पारावर गेली. पाटलीणबाईंनी तिची पापणी पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, एवढंच ना? रुईचा चीक लावा. सकाळपर्यंत नाहीशी होईल. किती जणांना गुण आलाय.”

धाकटीने बदल्यात लोणच्याला बुरशी न येण्याची युक्ती सांगितली, आणि देवाणघेवाण पुरी झाली.

थोरली दुसऱ्या दिवशी दुपारी परतली, तेव्हा धाकटी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळा लालभडक झाला होता आणि पाण्याची धार थांबत नव्हती. थोरलीने तिच्यापुढे हात धरला, तर धाकटीला त्या डोळ्याने बोटे वेगवेगळी दिसेनात.

तिने बोलावून आणलेल्या गावच्या वैद्यबुवांनी पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धुतला, औषध घातले, पट्टी बांधली, आणि थोरलीला बाजूला घेऊन सांगितले, “उजव्याचं मी वचन देत नाही. डावा चांगला आहे, तो जपा. माझ्या औषधाखेरीज कशाचा थेंबही आता डोळ्यांत जाता कामा नये.”

बातमी गावभर पसरली. आता तरी लोक गप्प बसतील, असे कोणालाही वाटेल. पण ते रांगेने आले. येताना एकही जण रिकाम्या हाताने आला नाही. कोणी म्हणाले शेळीचे दूध घाला, कोणी म्हणाले गोमूत्राने पुसा. ज्या तोंडांनी डोळा घालवला, तीच तोंडे त्या डोळ्याच्या उशाशी बसून नवे उपाय सांगत होती, आणि वर चहूकडे पाहून विचारीत होती, “थोरल्या काकूंनी अजून काहीच कसं केलं नाही?”

थोरली प्रत्येकाला पाणी देई आणि दारापर्यंत पोचवी. तिच्या ओठांची रेघ दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

एके दुपारी ती परसातून आत आली, तो धाकटी पट्टी सोडून बसलेली. समोर वाटी. वाटीत मध आणि कांद्याचा रस. बोट भिजवून तिने डाव्या डोळ्यापर्यंत नेले होते. थोरलीने तिचे मनगट धरले.

“हे काय आहे?”

“कासारीण सांगून गेली. दोन्ही डोळ्यांना लावायचं म्हणाली, म्हणजे चांगल्याची दृष्टी वाईटाला मिळते.”

“आणि तुला ते पटलं?”

“पटलं असं नाही, जाऊबाई.”

“मग बोट कशाला भिजवलंस? एक डोळा कमी पडला का?”

 धाकटी पदराने बोट पुसत म्हणाली, “ती संध्याकाळी विचारायला येते म्हणालीय. लावलं नाही म्हटलं तर उद्यापासून येणार नाही. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांकडे कोण येतं हो? काहीतरी सांगायला म्हणून येतात, तेवढंच. मी ऐकते, म्हणून बसतात.”

थोरलीने वाटी उचलली आणि परसात उकिरड्यावर पालथी केली.  राग तर तिला अतोनात आला होता. पण तो आता धाकटीवर राहिला नव्हता.

वैशाखी पौर्णिमेला थोरली पारावर गेली, तेव्हा तिच्या हातात एक झाकलेली वाटी होती.

“मुरला वाटतं सल्ला,” कोणीतरी म्हणाले, आणि दोघेतिघे हसले.

“सल्ला आणलेला नाही. रुईचा ताजा चीक आणलाय,” थोरली म्हणाली आणि वाटी पाटलीणबाईंपुढे ठेवली. “घ्या. उजव्या पापणीला लावा.”

“मी का म्हणून लावू? मला कुठे रांजणवाडी झालीय?”

“झाली असती तर लावला असता?”

पाटलीणबाई वाटीपासून जरा मागे सरकल्या. “मला काय माहीत. मला कासारणीनं सांगितलं होतं.”

“मी पापणीचं नाव तरी घेतलं का?” कासारीण म्हणाली. “मी कोपरावरच्या फोडाचं म्हटलं. तेही मला धनगरबाबांनी सांगितलं.”

कडेला बसलेल्या धनगराने मान वर केली. “मी टाचेतल्या काट्याचं सांगितलं, बाई. आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नका, डोळा जातो, हेही सांगितलं होतं.”

“ते फार लांबलचक होतं,” कासारीण म्हणाली. “तेवढं कोण ध्यानात ठेवतं?”

 थोरलीने सर्वांकडे एकवार पाहिले.

“ऐकलंत? टाचेपासून पापणीपर्यंत चीक चढत गेला, आणि वाटेत प्रत्येकाने त्यातली सावधगिरी तेवढी उतरवून ठेवली. बदल्यात द्यायला काहीतरी हवं होतं ना तुम्हाला.”

“आम्ही चांगल्या मनानं सांगितलं हो,” पाटलीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

“तुमच्या मनाबद्दल माझी तक्रार नाही. तुमचं मन शाबूत आहे आणि तुमचे डोळेही. जे गेलं ते माझ्या जावेचं.” थोरली पाटलांकडे वळली. “हा पार कायमचा बंद करा, असं सांगायला मी निघणार होते. ते मी सांगत नाही, कारण माझी जाऊ माणसांची भुकेली आहे. तुम्ही यावं म्हणून तिने चीक लावला, आणि तुम्ही परत यावं म्हणून ती दुसराही डोळा द्यायला बसली होती. तुम्हाला ती हवी असेल, तर नुसतं या. काही न सांगता बसता येत नसेल, तर येऊ नका.”

 पाटलांनी एकदा पत्नीकडे पाहिले आणि मग निवाडा दिला. देवाणघेवाणीची अट मोडली. यापुढे पारावर रिकाम्या हाताने यायला मुभा राहील. जो सल्ला देईल, त्याने तो स्वतःच्या अंगावर वा स्वतःच्या वाफ्यात करून पाहिलेला असावा, आणि त्यात जपायचे काय, ते आधी सांगावे. ऐकीव तेवढे घरी ठेवावे.

त्यानंतर पारावर इतकी शांतता पसरली, की देवळातल्या पारव्यांचे घुमणे ऐकू येऊ लागले. कोणापाशी सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. पाटलीणबाई उठल्या, थोरलीच्या मागोमाग तिच्या घरी गेल्या आणि धाकटीजवळ बसल्या. दोनदा त्यांनी तोंड उघडले आणि दोनदा मिटले. धाकटीने त्यांचा हात धरला.

तिचा डावा डोळा वाचला. उजव्या डोळ्याची दृष्टी कधीच परत आली नाही. आणि हा निवाडा झाला तो दिवस होता त्याच बाराव्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेचा.

तात्पर्य: ज्या सल्ल्याची झळ आपल्याला लागणार नाही तो दुसऱ्याला देण्यापेक्षा, त्याच्याजवळ मुकाट्याने बसावे.