तागामोरीच्या दगडावरची कोरी जागा

थांबा पाहुणे, त्या दगडाला उगाच हात जोडू नका! जपानातली ही तागामोरीची टेकडी, आणि माथ्यावर हा पुरुषभर उंच दगड. वर एकवीस नावं, खाली हातभर जागा कोरी. पाथरवटाचं काम अर्धवट राहिलं असं सगळ्यांना वाटतं. राहिलं नाही, मुद्दाम सोडलंय.

असं सांगतात, की याच गावात हिराकी शिन्नोजो नावाचा सामुराई होता. कमरेला दोन तलवारी आणि घरात खडखडाट. राज्य पालटायचं युद्ध पेटलं, तेव्हा त्यानं गावाकडे एकवीस पोरं मागितली. देवळासमोर शपथ घेतली म्हणे, "जो पडेल त्याचं नाव दगडावर कोरून घेईन. माझं त्यांच्या खाली." योहेई पाथरवटानं त्या शब्दावर आपला एकुलता एक पोरगा कात्सु दिला.

एकवीसही पोरं पडली. शिन्नोजो मात्र चढतच गेला. सेनापती झाला, मग मंत्री झाला. सामुराईंच्या तलवारी काढून घेणाऱ्या हुकमावर सहीसुद्धा त्याचीच! बारा वर्षं गावाकडे फिरकला नाही. मग एके दिवशी हा दगड आला, सोबत काय कोरायचं त्याचा कागद. कागदावर मंत्र्याचं नाव आणि झाडून सगळ्या पदव्या. पोरांपैकी एकाचंही नाव नाही.

योहेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला, देवासमोर बोललेला शब्द गिळून बसला! त्यानं कागद चुलीत घातला आणि छिन्नी उचलली. मान जाईल हे त्याला ठाऊक होतं. गेली तर गेली, पण कात्सुचं नाव राहिलं पाहिजे.

दगड उघडा करायच्या दिवशी विलायती टोपी घालून मंत्री आला. दगडावरचं कापड ओढलं.

"माझं नाव कुठाय?" तो गरजला.

"जागा ठेवलीय, साहेब," योहेई म्हणाला. "यातला कोण कुणाचा, तेवढं सांगा. आत्ता कोरतो."

मंत्र्यानं पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"कात्सु... हा कोण?"

योहेईनं छिन्नी त्याच्या पायाशी भिरकावली आणि तो टेकडी उतरून गेला. मंत्री घोड्यावर बसून निघून गेला. शिक्षा करायला तोंड होतं कुठं?

आजही इथं कुणी आलं, मंत्री असो की वाटसरू, त्याला एकवीस नावं बापाच्या नावासकट म्हणावी लागतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याशिवाय गावात पाणीसुद्धा मिळत नाही. बघता काय? म्हणा माझ्यामागून, मोठ्यानं: योहेईचा कात्सु!