ठकूमाशीची ओटी

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा लावलेला आंबा म्हातारा होऊन पडला आणि त्याच्या कोयीची झाडंही म्हातारी झाली. त्या काळी डोंगराच्या कुशीत डांगरवाडी नावाचं गाव होतं. अजूनही आहे. डांगर म्हणजे लाल भोपळा. घराघराच्या छपरावर डांगराचा वेल चढलेला, आणि दिवाळीला प्रत्येक वेलावर घागरीएवढी डांगरं. ती आढ्याला टांगून ठेवायची आणि कणगीतला भात संपला की त्यांच्यावर दिवस काढायचे. डांगर धरलं तर गाव तगलं, असं होतं ते.

त्या गावात ठकू नावाची बाई होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकली, म्हणून माहेरी आली, आणि माहेरानंही तिला वेशीबाहेर उंबराखाली खोपट बांधून दिलं. उंबराला मोठी ढोली होती, ढोलीत सातेरी मधमाश्यांचं पोळं. ठकूला शेजार होता तो एवढाच. चैत्रात गावभर हळदीकुंकू व्हायचं, बायांच्या ओट्या भरायच्या. तांदूळ, खण, नारळ. ठकूची ओटी त्या गावानं एकदाही भरली नाही.

आता नीट ऐका, कारण गोष्टीची गाठ इथं आहे. डांगराच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. माझ्या बोलण्यावर विसंबू नका, उद्या सकाळी वेलापाशी जाऊन बघा. एका फुलाच्या बुडाशी जन्मापासूनच गोटीएवढं हिरवं डांगर असतं, कडेवर मूल घेतल्यासारखं. त्याला गाव लेकुरवाळं फूल म्हणायचं. दुसरं असतं लांब, सडपातळ देठाचं. त्याच्या बुडाशी काहीच नसतं. त्याला गाव म्हणायचं वांझ फूल. आणि रिवाज असा, की वांझ फुलं तेवढी ठकूनं खुडायची आणि भाजी करून खायची.

"वांझ फुलं वांझेला," बायजा पाटलीण म्हणायची, आणि पाणवठ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. लेकुरवाळ्या फुलाला मात्र ठकूचं बोट लागता कामा नये.  ठकू रोज पहाटे फुलं उमलली की टोपली घेऊन यायची आणि ऊन चढून ती मिटायच्या आत घरी जायची. बोटं पिवळीजर्द व्हायची. तिच्या आगेमागे माश्याही यायच्या, कमरेपर्यंत पिवळ्या होऊन जायच्या.

एका वर्षी पाटलाच्या घरी लग्न निघालं. वरात उंबराखाली थांबली, कुणीतरी उंबराच्या बुडच्या देवापुढं उदाचा डोंगर जाळला, धूर ढोलीत शिरला आणि माश्या उठल्या. नवरदेवाचं नाक डांगराएवढं सुजलं, असं म्हणतात. वऱ्हाड पोट धरून हसलं. पाटील हसला नाही. त्यानं पोळं जाळायला लावलं आणि ढोली चिखलानं लिंपून टाकली.

ठकू आडवी आली. "पाटील, धूर तुम्ही केलात. त्यांचं काय चुकलं?"

"बघा, कळवळा बघा!" बायजा म्हणाली. "लेकरं न्हाईत, म्हणून माश्या पाळतीया."

पुढच्या पावसाळ्यात वेल असे फुलले की छपरं सोन्याची झाली. पण लेकुरवाळ्या फुलांच्या बुडची हिरवी गोटी चार दिवसांत पिवळी पडायची आणि गळायची. दिवाळीला आढी रिकामी राहिली. गावानं भाताच्या पेजेत पाणी वाढवलं. त्याच्या पुढच्या सालीही तेच होऊ लागलं, तेव्हा चावडीवर खल झाला. ठरलं काय? तर वांझ फुलं वेलाचा रस पितात. "ठकू, एकूण एक खुडून टाक. एक ठेवू नको."

शहाण्या माणसांनी एकत्र बसून केलेला वेडेपणा भारी असतो. ठकू खुडत राहिली आणि गोट्या गळत राहिल्या.

एके सकाळी पाटलाच्या कुंपणावर तिला एक लेकुरवाळं फूल दिसलं, एकटंच, दवानं भिजलेलं. बुडाशी इवलीशी गोटी. हीसुद्धा गळणार, ठकूच्या मनात आलं, आणि तिच्यानं राहवलं नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तान्ह्याच्या गालाला लावावं तसं, आपलं पिवळं बोट फुलाच्या आत हळूच टेकवलं. एवढंच.

पाच दिवसांनी बाकीच्या गोट्या मातीत पडल्या होत्या. ही एक लिंबाएवढी झाली होती. पुढं कवठाएवढी झाली. ठकू कुंपणापाशीच खाली बसली आणि आपल्या बोटांकडं बघत राहिली. त्यांच्यावर वांझ फुलांची पिवळी धूळ होती. ती धूळ त्या फुलातून या फुलात गेली, तेव्हा डांगर धरलं. जे तिनं एकदा चुकून केलं, ते माश्या न चुकता रोज करत होत्या.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ठकू तडक चावडीवर गेली. "मी लेकुरवाळ्या फुलाला बोट लावलं," तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. "तेवढंच धरलंय. जाऊन बघा."

गाव गेलं, बघून आलं. कुणी म्हणालं चेटूक, कुणी म्हणालं योगायोग. पाटलानं मिशी कुरवाळली. "शेवटचा बहर यायचाय. तो धरला तर राहा. गळला तर दसऱ्याचं सोनं दुसऱ्या गावात जाऊन वाट. आणि तोवर एकाही वेलाला हात लावायचा न्हाई."

"हात न लावता धरणार कसा, पाटील?"

"ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी फटफटताना खोपटाच्या दारात पाटलाची नात गिरजा उभी. आठ वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ भिवा, मागं गावातली दहाबारा पोरं.

"मावशी, बंदी तुमच्या हाताला हाय," गिरजा म्हणाली. "आमच्या न्हाई."

"माशी!" भिवा कडेवरून ओरडला. त्याला मावशी म्हणता येत नव्हतं. पोरं खिदळली.

ठकूही हसली. "खरं बोलला गं तो. चला, आजपासनं तुम्हीच माश्या."

मग गावानं मोठं नवल बघितलं. ठकू वाटेच्या मधोमध दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी, आणि पोरं छपरांवर, कुंपणांवर. "लांब देठाचं फूल घे. पाकळ्या सोल. मधला दांडा दिसतोय पिवळा? तो ह्या फुलात फिरव. अरं, बडवतोस काय, ढोल हाय का तो? माशी बसते तसा बस!" आणि पोरांचे हात चालू असले की तिचं तोंड चालू असायचं. गोटीच्या पोटात बी असतं. बी मातीत निजतं. पाणी मिळालं की दोन जाड पानं जोडून वर येतं, नमस्कार केल्यासारखं. मग वेल, मग कळी, मग फूल. "पण हितं येऊन गाडं अडतं. फुलाला पाय न्हाईत. दुसऱ्याकडं जायचं कसं? म्हणून देवानं माशीला पंख दिलं, आणि फुलानं तिला मधाचं बोट दाखवलं."

गिरजानं हातातलं फूल फिरवून बघितलं. "ह्याच्याबिगर डांगर धरतच न्हाई. मग ह्याला वांझ का म्हणत्यात?"

ठकू म्हणाली, "ज्यांना बघायला सवड न्हाई, ती तसं म्हणत्यात."

"मग आपण काय म्हणायचं?"

"माय मरो, मावशी उरो म्हणतात ना? मावशी म्हण."

घरी बायजानं नातीचा हात धरला. "हे काय गं, बोटं पिवळी? लगनाआधीच हळद लागली का तुला?" गिरजानं छपराकडं बोट केलं. पाटलीणबाईनं वर बघितलं. पानापानाआडून हिरवी डांगरं डोकावत होती, आणि एकही गळलं नव्हतं. बायजा कितीतरी वेळ मान वर करून उभी राहिली.

दसऱ्याला सारं गाव उंबराखाली जमलं. पाटील म्हणाला, "ठकू, तू राहा."

"मी राहीन," ठकू म्हणाली. "पण लेकरं जन्मभर छपरावर चढायची का? ज्यांचं काम त्यांना द्या. ढोली उघडा."

कुणी हललं नाही. मग बायजा पाटलीण पुढं झाली, कमरेचं खुरपं काढलं आणि स्वतः चिखल खरवडू लागली. ढोली उघडी झाली. आत काळोख आणि जुन्या धुराचा वास.

आणि असं म्हणतात, की त्याच घडीला डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावरून, जिथं पिवळी सोनकी फुलली होती तिथून, गुणगुणत एक ढग आला. गाव पळालं. ठकू पदर पसरून जागेवर उभी राहिली. ढग झाडाकडं गेला नाही. तो खाली उतरला आणि तिच्या पदरात बसला, नारळातांदळाएवढा जड. ज्या बाईची ओटी गावानं कधी भरली नाही, तिची ओटी माश्यांनी भरली.

बायजा कुंकवाचा करंडा आणि सूपभर तांदूळ घेऊन आली.  "भरू कुठं गं? ह्यांनी जागाच ठेवली न्हाई."

"घाला, अक्का," ठकू म्हणाली. "सरकून घेतील त्या."

आणि त्या सरकल्या, असं म्हणतात. तांदूळ पडले, कुणालाही डंख झाला नाही. मग ठकूनं ओटी ढोलीला लावली आणि एकेक माशी आत गेली.

ठकू पुढं खूप जगली. एका भादव्यात पोरं खोपटात गेली तर चटई रिकामी होती, तिच्यावर नुसती पिवळी धूळ. ती मेली असं डांगरवाडीत कुणी म्हणत नाही. उडाली म्हणतात.

आजही तिथं वेलाला पहिलं फूल आलं की पहाटे पोरं उठतात, मावशी फूल घेऊन लेकुरवाळ्या फुलात फिरवतात आणि पिवळी बोटं दिवसभर धूत नाहीत. दसऱ्याला उंबराच्या ढोलीची ओटी भरतात, आणि पहिली मूठ जिला मूल नाही तिची. वांझ हा शब्द त्या गावात एवढ्या पिढ्या कुणी उच्चारलेला नाही. लहान पोरांना तो सांगितला तर त्यांना कळतच नाही.

आणि तिथं कुणीही कहाणी सांगून शेवटी म्हणालं, की ही झाली सुफळ संपूर्ण, तर पोरं उठू देत नाहीत. आधी विचारतात, "माशी बसली का?"

बसली रे बाळांनो. आत्ताच बसून गेली.