पडलेल्या बेहड्याचा रकाना

"मग हा आडवा पडलेला बेहड्याचा वृक्ष कुठल्या रकान्यात घातलास?"

देवराईच्या कडेला आपल्या अंगणात बसून गुरवबुवांनी वही हातभर लांब धरली होती.

"निळ्या," केतकी म्हणाली. "निर्जीव घटक."

केतकी आठवीतली. गावाच्या देवराईची परिसंस्था हा तिचा शाळेचा प्रकल्प. तीन दिवस इंटरनेट धुंडाळून तिने चार रकाने आखले होते. उत्पादक हिरव्या शाईत, भक्षक लाल, विघटक तपकिरी, निर्जीव निळ्या. एक खाडाखोड नाही. आता फक्त जाणत्या माणसाची सही हवी होती. वही उद्या तालुक्याच्या प्रदर्शनाला जायची होती, आणि देवराई बुवांइतकी जाणणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

"विघटक म्हणजे गं कोण, बाय?"

"वाळवी, अळंबी... मेलेलं कुजवून मातीला मिळवतात ते."

"असं होय! आम्ही आपले वाळवीला नुसत्या शिव्या घालतो. एवढं भारदस्त नाव आहे तिला?"

बुवांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्यांना आवडलं.

"सही करता ना?"

"हा निर्जीव, कुणी सांगितलं?"

"नेटवर. पाच ठिकाणी ताडून पाहिलंय."

"पाच ठिकाणी गेलीस. सहावं वीस पावलांवर आहे. जा, बसून ये त्याच्यावर."

"किती वेळ?"

"माझा चहा होईपर्यंत."

देवराईतली काटकीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही. बेहडा पडला तसाच होता.

केतकी बसली. फुरंगटून, वही मांडीवर घेऊन.

काहीच नव्हतं...

मग पायापाशी काहीतरी सळसळलं. तिने पाय उचलले. "अगंबाई!"

चहा उकळला. केतकी आली नाही.

"बुवा, सापसुरळी! सालीखाली! दोन आहेत!"

चहा निवला.

ती आली तेव्हा केसांत भुसा होता, कोपरं शेवाळाने हिरवी झाली होती. निळा रकाना नव्या नोंदींनी फुटून वाहिला होता. चारही शाया एकमेकींच्या अंगावर गेल्या होत्या.

"सगळी वही बिघडली, बुवा!" ती हसत होती. "खोडावर जांभळीचं रोप आलंय, ते हिरव्यात जातं. सापसुरळी लालमध्ये. अळंबी तर ही एवढी! ढोलीत पाणी, पाण्यात बेडूक... रेघा कुठे मारू?"

बुवांनी पेन मागितलं. सावकाश, चारही रकान्यांवरून आडवी सही केली.

केतकीने सहीवर फुंकर घातली. मग एकदम थांबली.

"पण बुवा... तो मेला कधी?"

बुवांनी हनुवटीने बेहड्याकडे खूण केली.

"पडून बारा वर्षं झाली. तेव्हापासून बिचाऱ्याला घडीची उसंत नाही."