खोक्यातल्या बाहुल्या

टीव्हीवरच्या एका विनोदी कार्टूनमधल्या बोटभर बाहुल्या मृण्मयी जमवायची आणि खोक्यातून बाहेरही काढायची नाही. यावरून तिच्या चुलतसासऱ्यांनी, अण्णाकाकांनी, स्वतःच्या घरी भरल्या पंगतीत तिला फैलावर घेतलं.

"जी वापरायचीच नाही, ती वस्तू विकत घेणारा माणूस शुद्ध मूर्ख!"

बाहुल्या तिच्या स्वतःच्या पैशांच्या, आणि चारचौघांत हा अपमान! मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढ्यातलं स्टीलचं ताट बाजूला सारून तिने शोकेसकडे बोट दाखवलं.

"अण्णाकाका, तुम्ही हौसेने आणलेल्या त्या डिनर सेटमध्ये आजवर कोण जेवलं?"

"तो पाहुण्यांसाठी आहे!" काका गरजले.

"मग आम्ही सगळे कोण?"

काका तोंड उघडणार, तोच काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, "सेट आणल्यापासून मीसुद्धा त्याच पाहुण्याची वाट बघतेय गं!"