मेंढ्यांनी पांघरलेली घोंगडी

जिथे डोंगरांच्या पाठीला आभाळ टेकते, तिथे फार वर्षांमागे मेंढपाळांचे एक गाव होते. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ पडायचा की खालच्या खोऱ्यात उतरणारी वाट बुजून जायची. मग माणसे, मेंढ्या आणि चुली, सगळे आपापल्या घरात वसंताची वाट बघत बसायचे.

त्या गावात शेजारी शेजारी दोन जावा राहत होत्या, थोरली आणि धाकटी. दोघींचे नवरे हिवाळा लागायच्या आधी लाकूडकामासाठी खोऱ्यात उतरत आणि वाट मोकळी झाली की परत येत. तोवर घर, चूल, मेंढ्या, सगळे या दोघी बघत.

त्या गावाची एक जुनी रीत होती. मुलीचे लग्न ठरले की तिची आई आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची एक मोठी घोंगडी विणायची. मागावर एकेक पट्टा विणायचा आणि पट्ट्याला पट्टा जोडत न्यायचा. वऱ्हाड दारात आले की अंगणात ती घोंगडी अंथरायची आणि पाहुण्यांना तिच्यावर बसवायचे. घोंगडी लहान पडली तर काही पाहुण्यांना उभे राहावे लागे, आणि उभे राहिलेले पाहुणे ते सहजासहजी विसरत नसत.

थोरलीच्या लेकीचे लग्न आदल्या वर्षीच झाले होते. तिच्या घोंगडीवर झाडून सारे वऱ्हाड बसले, वर दोन पोरे मधोमध लोळलीसुद्धा. गावाने तिचे फार कौतुक केले. आता धाकटीच्या साळूचे लग्न ठरले होते. मुहूर्त फाल्गुनातला होता. धाकटीचा कळप लहान. मागच्या वसंतात निघालेल्या लोकरीत कसेबसे तीन पट्टे झाले. ते जोडून अंगणात टाकले की चारी बाजूंना नुसती मातीच दिसायची. धाकटी रोज ते पट्टे अंथरायची, बघायची आणि गुंडाळून ठेवायची.

त्या वर्षी हिवाळा आलाच नाही म्हणा ना. मार्गशीर्ष संपला, पौष लागला, तरी बर्फ दूरच्या शिखरावरून खाली उतरायला तयार नव्हता. ओढा खळखळत वाहत होता. जर्दाळूच्या फांद्यांवर कळ्या फुगल्या होत्या. मधमाश्या बाहेर पडून उगाच भिरभिरत होत्या. म्हाताऱ्यांनी कानाला गुंडाळलेली फडकी सोडून ठेवली आणि पोरे अनवाणी हुंदडू लागली. बायकांनी गोधड्या पेटीत घातल्या. यंदा थंडी आपल्या गावाची वाट चुकली, असे सगळे म्हणू लागले, आणि म्हणताना त्यांना बरेही वाटत होते.

मेंढ्यांचे मात्र हाल होते. अंगभर दाट लोकर आणि वर कडक ऊन. धापा टाकत त्या भिंतीच्या सावलीला बसून राहायच्या. धाकटीने ते पाहिले आणि तिच्या मनात एक विचार आला. आत्ताच लोकर उतरवली तर मेंढ्या उकाड्यातून सुटतील आणि साळूच्या घोंगडीला आणखी तीन पट्टे होतील. खरे सांगायचे तर पट्ट्यांचा विचार आधी आला आणि मेंढ्यांचा नंतर. पण धाकटीने स्वतःला तो उलट्या क्रमाने सांगितला.

तिने कातरीला धार लावायला काढली. तो आवाज ऐकून थोरली कुंपणापाशी आली.

"धाकटे, कोकीळ ओरडल्याशिवाय आपल्यात मेंढी भादरत नाहीत," ती म्हणाली. "अजून पौष आहे."

"पौष आहे, पण थंडी कुठंय?" धाकटी म्हणाली. "मेंढ्या कशा धापा टाकतात ते बघा की."

"टाकू देत. ऊन दिलंय तसं गारठाही देईल तो वरचा. थांब जरा."

धाकटीला ते लागले. तिला वाटले, हिला आपल्या लेकीचीच घोंगडी मोठी राहायला हवी आहे.

"जाऊबाई, माझ्या साळूची घोंगडी तुमच्यापेक्षा हातभर रुंद होणार, म्हणून तुम्हाला आज कोकीळ आठवला होय?"

 पदर सावरून थोरली आपल्या घरात निघून गेली.

धाकटीने सगळ्या मेंढ्या भादरल्या. उघड्याबोडक्या झालेल्या मेंढ्या हलक्या पावलांनी अंगणभर उड्या मारू लागल्या. ते बघून धाकटीला आपलेच खरे वाटले. मायलेकींनी लोकर धुतली, पिंजली, कातली. दोघींनी मिळून माग चालवला. शेवटच्या पट्ट्याला साळूने हौसेने लाल काठ घातला आणि काठावर छोटी छोटी फुले काढली. सहा पट्टे जोडून घोंगडी अंगणात टाकली, तेव्हा ती या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गेली. गावातल्या बायका बघून गेल्या. कुणी म्हणाले वऱ्हाडच काय, वऱ्हाडाची घोडीसुद्धा मावतील. धाकटी हसली आणि चोरून थोरलीच्या दाराकडे बघू लागली. थोरली आली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वारा फिरला.

सकाळी ऊन होते. दुपारी शिखराच्या बाजूने राखाडी ढग उतरले आणि अंगणातल्या कोंबड्या आपणहून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या कडेला काचेसारखा बर्फ धरला. दुसऱ्या दिवशी जर्दाळूच्या कळ्या काळ्या पडल्या होत्या आणि आभाळातून बर्फ पडत होता, दाट, मुकाट, न थांबता. गावाने गोधड्या पुन्हा बाहेर काढल्या. खालची वाट बुजली. खरे तर लोकांना हायसेच वाटले. उशिरा का होईना, हिवाळा आपल्या घरी आला होता.

धाकटीच्या वाडग्यात, मेंढ्यांच्या गोठ्यात, मात्र त्या एकमेकींना चिकटून थरथरत उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर बोटभरसुद्धा लोकर उरली नव्हती.

धाकटीने पहिले काम केले ते वाडग्याच्या दाराला जाड तरट लावण्याचे. थोडे वाऱ्यासाठी, पण बरेचसे शेजारणीसाठी. आत तिने पेंढा टाकला, शेगडी ठेवली. धुराने मेंढ्या खोकू लागल्या, तेव्हा शेगडी उचलावी लागली. घरातल्या गोधड्या नेऊन तिने मेंढ्यांच्या पाठीवर टाकल्या. मेंढी हलली की गोधडी खाली, आणि खाली पडली की पायाखाली चिखलात. दोन कोकरे तिने घरात चुलीपाशी आणली. बाकीच्यांना घरात जागा नव्हती.

कुंपणापलीकडून थोरलीने विचारले, "धाकटे, मेंढ्या बऱ्या आहेत ना गं?"

"बऱ्या आहेत," धाकटी म्हणाली आणि तरटाची कड दगडाने दाबून ठेवली.

दुसऱ्या दिवशीही थोरलीने विचारले. धाकटीने तेच सांगितले. त्या दुपारी कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी खाली बसली ती पुन्हा उठली नाही. धाकटीने तिचे डोके मांडीवर घेतले, पाय चोळले, कोमट पाणी पाजून पाहिले. पाणी ओठांवरून ओघळून गेले.

मेंढी गेली तरी धाकटी बराच वेळ तशीच बसून राहिली. समोर बाकीच्या मेंढ्या उभ्या होत्या. त्यातली एक आता गुडघे टेकू लागली होती. या मेंढ्या गेल्या तर पुढच्या वर्षी दूध नाही, कोकरे नाहीत, लोकर नाही, हे तिला कळत होते. पण त्याहून तिला बोचत होते ते दुसरेच. मेंढ्या तिच्याकडे बघत होत्या. दर वेळी तीच त्यांना चारा देत आली होती, म्हणून आताही तीच काहीतरी करील, अशा नजरेने.

ती घरात आली. कोपऱ्यात घोंगडी गुंडाळून ठेवली होती. लाल काठ वर दिसत होता.

"साळू," ती म्हणाली, "कातर आण."

साळूने आईकडे पाहिले, मग घोंगडीकडे. तिला सगळे समजले. तिचा चेहरा उतरला.

"आई, वऱ्हाड येईल तेव्हा काय अंथरायचं?"

"ते मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "घोंगडी तुझी आहे, म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही."

साळू थोडा वेळ काठावरच्या फुलांवरून बोट फिरवत राहिली. मग उठून तिने फळीवरची कातर काढली आणि आईच्या हातात दिली.

"काठाकडून नको सुरू करू," ती म्हणाली. "तो शेवटी काप."

धाकटीने पहिला पट्टा कापला, मग दुसरा.  पाठीवर तुकडा टाकायचा, पोटाखालून ओढून घ्यायचा आणि दाभणाने टाके घालायचे. मेंढी चालली तरी निघणार नाही असे नीट बसले पाहिजे. दोघी भराभर शिवत होत्या. पण बोटे गारठून दाभण हातातून सुटत होते, आणि कळप लहान असला तरी दोघींना मेंढ्या पुष्कळ होत्या. दोघींच्याने सगळ्या वेळेत झाकून होणार नाहीत, हे धाकटीच्या ध्यानात आले.

ती उठली. दाराचे तरट तिने ओढून काढले आणि बाजूला टाकले. मग गुडघाभर बर्फातून कुंपणापाशी जाऊन तिने हाक मारली.

"जाऊबाई, मेंढ्या बऱ्या नाहीत. एक गेली. मी तुमचं ऐकलं नाही, आणि वर तुम्हाला टाकून बोलले. दोन दिवस तुमच्याशी खोटंही बोलले. आता माझे हात पुरत नाहीत."

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली. धाकटीला वाटले, आता दार लागणार. पण थोरली बाहेर आली ती दाभण आणि दोऱ्याचे बंडल घेऊनच. वाडग्यात शिरताना तिने त्या थरथरणाऱ्या बोडक्या मेंढ्या पाहिल्या, मग जावेकडे पाहिले.

"कोकीळ ओरडला का गं?" तिने विचारले.

धाकटीला रडू यायचे ते हसूच आले. थोरलीही हसली, आणि हसता हसता खाली बसून तिने पहिला टाका घातला. त्यानंतर त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. अंधार पडायच्या आत शेवटच्या मेंढीला तुकडा बसला. लाल काठाचा तुकडा तिच्याच वाट्याला आला. निम्म्या मेंढ्या थोरलीने आपल्या वाडग्यात नेल्या, तिच्या लोकरीने भरलेल्या मेंढ्यांच्या मधोमध उभ्या केल्या, आणि दाटीची ऊब त्यांनाही मिळाली. गुडघे टेकणारी मेंढी दुसऱ्या दिवशी उठून चारा खाऊ लागली.

माघ सरला. बर्फ होता, पण आता वाट बुजवण्याइतका राहिला नव्हता. फाल्गुनात एका स्वच्छ सकाळी वऱ्हाड आले. दोघींचे नवरेही वऱ्हाडाबरोबरच वर आले होते.

धाकटीने अंगण झाडून ठेवले होते आणि सगळीकडे कोरडे गवत पसरले होते. वऱ्हाड दारात थांबले. घोंगडी कुठे दिसेना. दिसल्या त्या अंगणभर हिंडणाऱ्या मेंढ्या, अंगात अंगरखे घातलेल्या, आणि त्यातली एक तर लाल काठाची. नवरदेवाकडचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणाले, "इथे मेंढ्यांचंच लग्न आहे वाटतं." काही जण हसले. दारात उभी असलेली साळू मान खाली घालून आत गेली.

धाकटीला एक सोपे उत्तर देता आले असते. घोंगडीला कसर लागून ती किड्यांनी खाल्ली म्हणाली असती तरी चालले असते. पण ती पुढे झाली आणि जे घडले ते तिने सगळ्यांसमोर जसेच्या तसे सांगितले. थोरलीने अडवले होते तेही, म्हातारी मेंढी गेली तेही.

वऱ्हाडात नवरदेवाची आजी होती. ती घोड्यावरून उतरली, काठी टेकत पुढे आली, लाल काठाच्या मेंढीला थांबवून तिने शिवण तपासली.

"टाके कुणाचे?"

"तिघींचे," धाकटी म्हणाली. "हा तुकडा साळूने शिवलाय."

"घट्ट आहेत," आजी म्हणाली. "आणि आम्ही बसायचं कुठं?"

"गवतावर, आजीबाई. दुसरं काही नाही माझ्याकडे."

आजीने काठी बाजूला ठेवली आणि ती गवतावर फतकल मारून बसली. मग मागे वळून वऱ्हाडाला म्हणाली, "उभे काय राहिलात? जागेला तोटा आहे का इथे? ज्या घरची बाई स्वतःची चूक दारात उभी राहून सांगते, त्या घरची लेक आपल्या घरात काही झाकून ठेवायची नाही. मला एवढं पुरे. आणा पाणी."

सगळे बसले. उभे राहायची वेळ कुणावरच आली नाही, कारण गवत या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत होते. फक्त एक अडचण झाली. पाहुणे स्थिरस्थावर झाले आणि अंगरखे घातलेल्या मेंढ्या निवांतपणे त्यांच्यामध्ये शिरून त्यांच्या खालचे गवत ओढून ओढून खाऊ लागल्या. नवरदेवाचे मामा दोनदा सरकले, तिसऱ्यांदा सरकायला गेले तर जमीनच उरली. त्या अंगणात एवढा हशा पिकला की घरात तोंड लपवून बसलेली साळूसुद्धा दारात येऊन हसू लागली.

तात्पर्य इतकेच, की दाराला तरट लावून चूक नुसती झाकते, ती निस्तरायला घोंगडीच कापावी लागते. ती मात्र वेळेत कापावी.